पाटात होडी

उन्हाळ्यात पळसदेवला उजनी धरणाची बातमी कुणाला विचारावी लागत नाही. पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर दिसलं की धरण उतरलं. मंडपापर्यंत पायी जाता आलं की फारच उतरलं. वर्तमानपत्रं हेच टक्क्यांत सांगतात आणि उजनीचे टक्के जरा चमत्कारिक असतात, कारण इथे शून्याच्या खालीही पाणी असतं. धरणाचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. तो संपला की शून्य टक्के. पण त्याखाली ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा उरतो आणि त्याला हात घातला की आकड्याआधी ‘वजा’ लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. मृत म्हणून नोंदलेल्या पाण्यातलं बत्तीस टीएमसी तेव्हा कुणी पिऊन, कुणी उसाला पाजून आणि उरलेलं उन्हानं संपवलं होतं. हा हिशेब इंदापूर तालुक्यात शाळकरी पोरंही बोटांवर करतात.

दुसरा एक आकडा मला त्याहून बोलका वाटतो. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३. दोन्हींत सहा मीटरचंही अंतर नाही. म्हणजे जेमतेम दोन मजली घराच्या उंचीत ५३ टीएमसी पाणी मावतं. ते मावतं कारण जलाशय खोल नाही, पसरट आहे. परातीत पाणी ओतावं तसं ते भीमेच्या दोन्ही काठांवर पसरलं आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांच्या गावठाणांत शिरलं. उतरतानाही पाणी खाली कमी आणि मागे जास्त सरतं. मग काठावरचे शेतकरी मोटारी उचलून पाण्यामागे धावतात, पाइपाला पाइप जोडतात, केबल वाढवतात, गाळातून चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पळसदेवचा उन्हाळा हा असा रोज थोडा थोडा पुढे सरकण्याचा असतो.

जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धरणात पाणी साठायला लागलं आणि गाव वर, पुणे-सोलापूर रस्त्याकडे सरकलं. देवही आले. नव्या गावात पळसनाथाचं नवं देऊळ झालं. मागे राहिलं ते जुनं देऊळ: खाली दगडी मंडप, कोरीव खांब, वर विटांचं भूमिज शिखर आणि आजूबाजूला वीरगळ. इथला शके १०७९ चा, म्हणजे इ.स. ११५७ चा लेख जुन्या मराठी कोरीव लेखांत मोजला जातो. इतक्या जुन्या विटा वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभ्या राहतात, उन्हाळ्यात वाळतात, पुन्हा बुडतात. वीट पाण्यात विरघळते असं आपण धरून चालतो. इथे धरणानंतर गावातली माणसं निघून गेली आणि विटा राहिल्या.

अशाच एका मे महिन्यात मी तिथल्या काठावर उभा होतो. डोक्यात मात्र भीमा नव्हती, नीरा होती. तालुक्याच्या दुसऱ्या अंगानं वाहणारा नीरेचा डावा कालवा वीर धरणापासून शेपटापर्यंत एकट्यानं कयाकमधून उतरावा, असं खूळ मी बरेच दिवस बाळगून होतो. तिथल्या एका होडीवाल्याला ते सांगितलं. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, अंगावर बिनबाह्यांची बंडी.

“मामा, नीरेच्या कॅनॉलमधून होडीनं जाता येईल का? छोटी होडी, एका माणसाची.”

त्यानं वल्हं खाली ठेवलं.

“पाटात?” तो म्हणाला. “पाटात होडी कशापायी घालायची? त्यातलं पाणी जायाला नसतंय, द्यायला असतंय.”

एवढं बोलून तो जाळ्याच्या गाठीकडे वळला. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढे दीडशे किलोमीटर मोटारसायकल चालवावी लागली.

कयाक म्हणजे काय हे एव्हाना बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्यातून घडवलेली, वरून बंद, मधे एकच भोक असलेली लांबट होडी. त्या भोकात बसायचं, पाय आत लांब करायचे आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं डावीकडे-उजवीकडे मारायचं. आपल्या होडीत माणूस बसतो. कयाक माणूस जवळजवळ अंगात घालतो. म्हणूनच ती एकट्याची होडी आहे. तिच्यात दुसऱ्याला ‘जरा सरक’ म्हणायची सोय नाही.

या होडीचं वेड युरोपात पसरवलं ते जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलानं. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची पंधरा फुटी होडी बांधून घेऊन तो एकटाच युरोपच्या नद्यांतून आणि कालव्यांतून हिंडला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. ते इतकं खपलं की शहरी सभ्य माणसं सुट्टीत होडी खांद्यावर घेऊन निघायला लागली. मला त्याचा पुढचा एक प्रवास जास्त आवडतो. १८६८ च्या अखेरीस तो इजिप्तमध्ये होता आणि सुएझचा कालवा अजून पुरा खोदून व्हायचा होता. जहाजांसाठी तो १७ नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला. त्याआधीच हा गृहस्थ आपली होडी त्या अर्धवट पाण्यात वल्हवत होता. ज्या कालव्यानं मुंबईचं लंडनशी अंतर निम्म्याच्या जवळ आणलं, त्यावर पहिल्या आगबोटी जाण्याआधी एक माणूस हातानं वल्हं मारत गेला, ही गोष्ट मला विलक्षण गोड वाटते.

तेव्हापासून कालवा आणि एकट्याची होडी यांची तिकडे जोडीच जमली. इंग्लंडात १९४८ पासून डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर अशी १२५ मैलांची शर्यत होते. तिचा पहिला टप्पा केनेट आणि एव्हन या जुन्या कालव्यातून आहे. वाटेत पाण्याच्या पायऱ्या म्हणजे लॉक लागतात. प्रत्येक ठिकाणी होडी उचलायची, खांद्यावर घ्यायची, पळत पुढे न्यायची, परत पाण्यात टाकायची. असं ७७ वेळा. एकट्यानं उतरणारे ते अंतर चार दिवसांत कापतात. वाचताना वाटलं, ७७ वेळा होडी उचलणं जमत असेल तर नीरेच्या कालव्यावरचे धबधबे आणि दारं काय अवघड आहेत?

आपल्याकडेही एकट्यानं लांब वल्हवणारा माणूस झाला आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडेनं २०१५ साली आधी मुंबई ते गोवा समुद्रातून कयाक नेली आणि पुढे गुजरातेतून निघून कन्याकुमारी गाठली, सुमारे ३००० किलोमीटर. किनाऱ्यानं सायकलवर शांजली शाही त्याला साथ देत होत्या. पण तो समुद्र. समुद्र कुणी खोदलेला नाही, त्याची पाणीपट्टी नाही आणि त्याला पाळी नाही. मला हवा होता कालवा, तोही जुना, माणसानं घमेल्यानं माती उपसून केलेला. तसा कालवा बारामती-इंदापूरकरांच्या घरासमोरून वाहतो.

नीरेचा डावा कालवा दुष्काळाचं अपत्य आहे. १८७६ साली दख्खनेत पाऊस गेला, पुढची दोन वर्षं माणसं आणि जनावरं मेली, आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडण्याऐवजी पुणे जिल्ह्याच्या या कोपऱ्यात हजारो हातांना कालव्याच्या मातीवर लावलं. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. वर भोरजवळ भाटघरला येळवंडी अडवून तलाव केला. व्हाइटिंग नावाच्या इंजिनिअरच्या नावानं तो लेक व्हाइटिंग झाला. पुढे १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याच्याच खाली लॉइड धरण उभं राहिलं आणि जुना बंधारा त्याच्या पोटात बुडाला. कालवा मात्र तोच राहिला. वीरपासून निंबूत, सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, माळेगाव, बारामती, मग सणसर, भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत तो इंदापूर तालुक्यात शेपूट टाकतो. शेटफळ हवेलीचा इंग्रजी अमदानीतला तलावही याच पाण्यावर जगतो. लांबी सुमारे दीडशे किलोमीटर. भरून वाहताना त्यात आठशे क्युसेकच्या आसपास पाणी असतं.

मी कयाक न घेता, भरावावरच्या मातीच्या रस्त्यानं मोटारसायकलवर निघालो. मनात होडी पाण्यात होती. वीरच्या खाली पाणी छान दिसलं: हिरवट, संथ, दोन्ही काठांना बाभळी, पलीकडे ऊस. ताशी पाच किलोमीटर वल्ह्याचे, दोन-तीन प्रवाहाचे. तीन-चार दिवसांत बारामती, सातव्या दिवशी निमगाव केतकी. रात्रीचा मुक्काम एखाद्या वस्तीवर. वहीत असा सगळा बेत होता.

पहिला अडथळा दिसला तो मोरीचा. गावरस्ता कालव्यावरून जातो तिथे पुलाच्या दगडी कमानी पाण्याला इतक्या टेकलेल्या असतात की होडीतल्या माणसाची मान आत जाणार नाही. दुसरा अडथळा धबधब्याचा. जमीन उतरते तिथे कालव्याच्या पायऱ्या केलेल्या असतात आणि पाणी तिथून खाली आपटतं. इंग्लंडातल्या कालव्यावर अशा जागी होडीसाठी लॉक असतं. इथे लॉक नाही, कारण ते करायचा विचारच कुणाच्या मनात आला नाही. तिसरा अडथळा सगळ्यात वाईट. ओढा आडवा येतो तिथे काही कालवे ओढ्याच्या वरून जातात, काही खालून, बंद नळातून. त्याला सायफन म्हणतात. वरून पाहिलं तर पाणी शांतपणे एका भिंतीशी येतं आणि नाहीसं होतं. तिथे वाहत आलेल्या माणसाचं काय होतं ते काठावरच्या कुठल्याही गावाला विचारा. आणि अलीकडे अस्तरीकरण झालेल्या पट्ट्यात तर कडेची सिमेंटची उतरण शेवाळानं अशी गुळगुळीत झालेली असते की पोहता येणारा माणूसही चढून वर येऊ शकत नाही. दरसाल या पाण्यात माणसं जातात. कयाक उलटली तर मी त्या यादीत गेलो असतो.

अस्तरीकरण हा शब्द बारामती भागात सहज उच्चारायचा नाही. गळती थांबावी म्हणून कालव्याला सिमेंट करायचं ठरलं तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सव्वाशे वर्षं कालवा झिरपत होता आणि त्या झिरप्यावर विहिरी भरत होत्या. सरकारी हिशेबात जी गळती, ती शेतकऱ्याच्या हिशेबात पाझर. कालव्याचं पाणी पट्टी भरून मिळतं. विहिरीचं आपलं. शेपटाकडचा शेतकरी मात्र अस्तरीकरण हवं म्हणतो, कारण वर झिरपलेला प्रत्येक थेंब त्याच्यापर्यंत आलेला नसतो. एकाच कालव्यावरचे दोन शेजारी, आणि दोघांचंही खरं.

निमगावच्या अलीकडे मला एक निवृत्त पाटकरी भेटले. पाटकरी म्हणजे पाण्याच्या दारांवर राखण करणारा माणूस. कुणाचं दार किती उघडायचं, कुणाची पाळी कधी संपते, रात्री कोण पाइप टाकून पाणी ओढतो, सगळं त्याच्या डोक्यात असतं. मी त्यांना म्हटलं, “तात्या, उन्हाळ्यात एखाद्यानं होडीनं यायचं ठरवलं, तर किती दिवस लागतील?”

“कोणत्या आवर्तनात?” त्यांनी विचारलं.

ते मला सुचलंच नव्हतं. कालव्याला पाणी बारा महिने नसतं. खरिपाचं आवर्तन, रब्बीचं, उन्हाळी. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, धरणात किती आहे ते पाहून तारखा ठरतात, मग वरून पाणी सुटतं आणि शेपटाला पोचायलाच ते कित्येक दिवस घेतं. आवर्तन संपलं की कालव्यात गाळ, डबकी, चपला आणि दारूच्या बाटल्या. म्हणजे मला होडी पाण्यात टाकायची तर आधी आवर्तनाची तारीख काढायची. आवर्तन चालू असताना टाकली तर वाटेतल्या प्रत्येक दारावर शेतकरी रात्र जागून आपल्या पाळीची वाट बघत बसलेला. त्याच्या पाण्यातून मी मजेनं वल्हं मारत चाललोय. तात्या हसले नाहीत. “मारत्याल,” एवढंच म्हणाले.

इथे मला होडीवाल्याचं वाक्य कळलं. द्यायचं पाणी म्हणजे ज्याच्यावर आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं आहे ते.

हे नाव लिहिण्याचं काम कालव्यावर फार लवकर सुरू झालं. १८९९ च्या सुमारास पुण्याकडे बदलून आलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत बसवली. पाणी उसाकडे ओढलं जातं, कालव्याच्या डोक्याकडचे शेतकरी भरपूर घेतात आणि शेपटाला काही पोचत नाही, हा तेव्हाचाही रोग होता. त्यांनी जमिनीचे गट पाडले, गटाला ठरावीक वर्षांसाठी ठरावीक पाणी दिलं आणि एका गटात एका वेळी ठरावीक भागातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिकं, अशी आळीपाळी लावली. लोकांनी आधी विरोध केला, मग ती रुळली. ऊस मात्र पुढे या सगळ्या मर्यादांना पुरून उरला. सासवडचे माळी या पाण्यावर ऊस पिकवायला आले, खंडानं जमिनी घेतल्या, गूळ केला आणि त्यांच्याच मंडळींनी १९३२ साली अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. त्याच सुमारास वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबला कारखाना उभा केला आणि गावाचं नाव वालचंदनगर झालं. बारामतीत कऱ्हेच्या काठी आर्या रचणाऱ्या मोरोपंतांना हा कालवा माहीत नव्हता. ते नव्वदेक वर्षं आधी गेले. त्यांच्या गावचा गूळ पुढे त्यांच्या आर्यांपेक्षा लांब पोचला, हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतं.

मग प्रश्न उरतो: इंग्रजांना आपल्या घरी कालवा म्हटला की होडी आठवत होती, इथे का नाही? उत्तरेत आठवली होती. १८५४ साली खुल्या झालेल्या गंगा कालव्यावर प्रोबी कॉटलीनं धबधब्यांच्या शेजारून होड्यांसाठी वेगळा फाटा काढून लॉक बांधली. उत्तर हिंदुस्थानच्या १८७३ च्या कालवा कायद्यात जहाजं-होड्यांवर स्वतंत्र प्रकरणच आहे: नियम मोडले तर होडी अडवायची कशी, तिचं भाडं कसं वसूल करायचं. १८७९ चा मुंबई इलाख्याचा कायदा उघडा. त्याचा सारा जीव पाण्याचा वाटा, पट्टी, चाऱ्या, भरपाई आणि दंड यांत अडकलेला आहे.

आणि ज्या दुष्काळातून नीरेचा कालवा निघाला, त्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात दुसरा कालवा खोदला जात होता. पूर्व किनाऱ्याला समांतर, खाऱ्या पाण्याचा. तिथले गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या नावानं तो बकिंगहॅम कालवा झाला. त्यातून तांदूळ, मीठ, सरपण होड्यांतून मद्रासला जायचं. खारं पाणी शेताला चालत नाही, म्हणून ते वाहतुकीला दिलं. नीरेचं गोड पाणी उताराला धरून, मैलाला जेमतेम फूटभर उतरवत, टेकाडांना वळसे घालत नेलं, ते शेताला द्यायला. तिकडे उपाशी हातांनी होडीची वाट खोदली, इकडे ज्वारीची आणि नकळत उसाची. शिवाय इथे माल न्यायला आगगाडी आधीच आलेली होती. जीआयपी रेल्वे १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत पोचली आणि दोन वर्षांत सोलापूरला. गाडी असताना होडी कोण बांधतो?

डिकसळ पळसदेवपासून दूर नाही, भिगवणजवळ. धरण झालं तेव्हा आगगाडीचा तो मार्गही पाण्यात जाणार म्हणून बदलला. मागे राहिलेला दगडी रेल्वेपूल करमाळ्याकडच्या गाड्यांना, ट्रॅक्टरांना, उसाच्या बैलगाड्यांना चालू झाला. आगगाडीनं होडीची गरज संपवली होती आणि धरणानं आगगाडीची वाटच बुडवली. दोन्ही काठांची गावं एकमेकांना दिसतात, सोयरिकी होतात, पण रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून इथे होड्या आल्या. भोई मच्छीमारांच्या, चिलापी आणि कटला धरणाऱ्या होड्या, भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगो दाखवणाऱ्या होड्या आणि काठाकाठाला माणसं-मोटारसायकली पलीकडे नेणाऱ्या होड्या.

पसरट पाण्यावर वारा कसा खेळतो हे समुद्रावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला आला म्हणून बाकीचे कुठे गेले ते कळलं. कळाशी पळसदेवच्या शेजारचं गाव. पुढे शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झाला. या काठावर जाऊन कयाकची गोष्ट काढणाऱ्या माणसानं आधी हे लक्षात ठेवायला हवं होतं. माझ्या लक्षात ते होडीवाल्यानं आणून दिलं, बोलून नव्हे. होडीत पाय टाकला तेव्हा त्यानं न विचारता लाइफ जॅकेट माझ्या अंगावर चढवलं आणि चारही पट्टे स्वतः ओढून बांधले.

या पाण्यातून लांब वल्हवत जाणारी माणसं आहेत, एकटी नव्हेत, दिंडीनं जाणारी. पुण्याच्या डॉ. विश्वास येवले यांनी २००२ च्या सुमारास जलदिंडी सुरू केली. आळंदीहून इंद्रायणीतून निघायचं, तुळापूरला भीमेत उतरायचं आणि बारा दिवसांत होड्यांनी पंढरपूर गाठायचं. वारकरी ज्या वाटेला पालखीमार्ग म्हणतात, तिला ही पाण्याची समांतर वाट. वरच्या टप्प्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लागतात. तिथे होड्या उचलून पलीकडे न्यायच्या, इंग्लंडातल्या त्या शर्यतीसारख्याच, फक्त ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत. नाकाला रुमाल लावावा लागतो असे पट्टे येतात, जलपर्णीत वल्हं अडकतं. पुण्यानं नदीत काय सोडलंय हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्यातून हात घालून वल्हं ओढणं वेगळं. मग उजनीचं मोकळं पाणी लागतं. शहराचं सगळं पोटात घेऊन आलेली भीमा इथे पसरते, उन्हाळ्यात हिरवी पडते आणि त्यातूनच सोलापूर पाणी पितं.

एकट्यानं कालव्यातून जाण्याचा माझा बेत आणि ही दिंडी यांत मला एक फरक टोचत राहिला. कालव्यातल्या प्रवासात मला वाटेत कुणी नको होतं. पुस्तकातला मॅकग्रेगर एकटाच असतो ना. आपल्याकडे पाण्यातून लांब जायचं म्हटलं की माणूस देवाला आणि चार लोकांना सोबत घेतो. कयाकमध्ये देवाला जागा नसते, हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चार लोक असले की बंधाऱ्याशी होडी उचलायला हात लागतात.

शेवटी मी कालव्यात वल्हं मारलंच नाही. पळसदेवला परत आलो तेव्हा पाणी आणखी मागे गेलं होतं. होडी देवळाच्या बरीच अलीकडे गाळात टेकली. होडीवाला उतरला, गुडघाभर गाळात उभा राहिला, दोर हाताला गुंडाळला आणि मला बसूनच राहायला सांगितलं.

“उतरू का, मामा?”

“थांबा. चपला काढा आदी. गाळ वढून घेतोय.”

मग त्यानं होडी ओढली. पाण्यात वीस-पंचवीस फूट, नंतर नुसत्या ओल्या गाळावरून. मी आत बसलेलो आणि तो जुन्या गावाच्या दिशेनं मला ओढत नेत होता. मधेच थांबून त्यानं डाव्या हातानं एक जागा दाखवली. दगडांच्या दोन सरळ रांगा गाळातून वर डोकावत होत्या.

“ही आमची गल्ली,” तो म्हणाला. “हितनं बैलगाडी जायाची.”

आणि दोर दुसऱ्या हातात घेऊन त्यानं होडी त्या दोन रांगांच्या मधून आत घेतली.